बोर्डावर बसलेल्या बायका

गावोगावचे टेलिफोन कॉल हाताने जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये पहिले तीन दिवस मला कॉर्डला, म्हणजे बोर्डावर कॉल जोडायच्या दोरीला, हातच लावू दिला नाही. जुन्या ऑपरेटरच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं, तिच्याच पोझिशनवर आपल्या हेडगिअरचा प्लग घालायचा आणि नुसतं ऐकायचं. सुपरवायझर बाई मागून फेऱ्या मारत असायच्या. मध्येच खांद्यावर बोट टेकवून विचारायच्या, "आत्ता काय झालं, सांग." मी सांगायची, "नागपूरवाली म्हणाली, पार्टी जागेवर नाही." त्या म्हणायच्या, "ते तर झालंच. पण कॉल लावणाऱ्याचा आवाज कापत होता, ते ऐकलंस का?" ते मी ऐकलेलं नसायचं.

साल 1971, जुलै महिना. मी वीस वर्षांची होते. वडील नुकतेच निवृत्त झाले होते आणि पाठची दोन भावंडं शिकत होती. आमच्या शहरात लष्कराची छावणी होती, आणि ट्रंक एक्स्चेंजला शॉर्ट ड्यूटीवर मुली हव्या होत्या. शॉर्ट ड्यूटी म्हणजे तासावर पैसे. काम तेच, खुर्ची तीच, फक्त हजेरीपटावर नाव वेगळ्या पानावर. मला त्या वेगळ्या पानाचं तेव्हा काहीच वाटलं नाही.

मुलाखत अशी झाली की मला एका खोलीत फोनपाशी बसवलं आणि साहेब दुसऱ्या खोलीतून बोलू लागले. आधी त्यांनी इंग्रजीत आकडे सांगितले, ते मी मराठीत म्हणून दाखवायचे. मग मराठीतले आकडे हिंदीत. एकोणऐंशीला हिंदीत काय म्हणतात? उन्यासी. आणि नवासी म्हणजे एकोणनव्वद. मी नेमकी तिथेच अडखळले. साहेब म्हणाले, "म्हणून तर आपण सुटे आकडे बोलतो. सात नऊ. आठ नऊ. एकोण हा शब्द बोर्डावर उच्चारायचाच नाही." हा मला मिळालेला पहिला धडा. एवढी वर्षं झाली तरी मी अजून कोणालाही नंबर सांगते तो एकेक अंक सुटा करून.

हे सगळं लिहायला बसायचं कारण वेगळं आहे. 2025 च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे सिएटलला होते. तिथे एका जुन्या एक्स्चेंजच्या इमारतीत टेलिफोनचं संग्रहालय आहे. एका रविवारी जावईबापू मला तिथे घेऊन गेले. आत पाऊल टाकलं आणि कॉर्डबोर्ड दिसला. नुसता मांडून ठेवलेला नव्हे, चालू असलेला. लाकडी चौकट, ओळीने जॅक म्हणजे कॉर्डचं टोक घालायची भोकं, पुढे जोडीजोडीने उभ्या कॉर्ड, त्यांच्यामागे दिवे. तिथे स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एका आजोबांना जावयांनी सांगितलं की या ट्रंक ऑपरेटर होत्या. त्यांनी लगेच खुर्ची ओढून दिली. मी बसले. पन्नास वर्षांनी हात बरोबर डाव्या-उजव्या कळांवर गेला. मग ते आजोबा म्हणाले, "पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या ऑपरेटरपैकी एक बाई याच शहरात राहत होत्या." नाव त्यांनी सांगितलं मर्ल ईगन अँडरसन.

त्या उन्हाळ्यात मी दुसरं काही वाचलंच नाही. नात तिच्या लायब्ररी कार्डावर पुस्तकं आणून देई आणि मी खिडकीपाशी बसून वाचे. वाचताना सारखं वाटत होतं की हे मी केलंय. सगळं नाही, पण हातांनी आणि कानांनी जे करायचं ते मी केलंय.

1917 साली अमेरिका युद्धात उतरली आणि जनरल जॉन पर्शिंग यांचं सैन्य फ्रान्सला पोचलं. लढाई टेलिफोनवर चालायची. आघाडीवरच्या तोफखान्यापासून मागच्या रसदीच्या गोदामांपर्यंत सगळं तारेवर. पण अमेरिकन तारा फ्रेंच तारांना जोडलेल्या, आणि फ्रेंच एक्स्चेंजमध्ये बसलेल्या मुली फक्त फ्रेंच बोलणाऱ्या. कॉल आला की त्या म्हणत, "ज'एकूत", म्हणजे ऐकतेय, बोला. इकडून अमेरिकन शिपाई इंग्रजीत ओरडणार, तिकडून काहीच उलगडा होणार नाही, मग दोघंही चिडणार. शिपायांना बोर्डाची सवय नव्हती आणि तेवढा धीरही नव्हता. शेवटी पर्शिंग यांनी नोव्हेंबर 1917 मध्ये तार करून मागणी केली की फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या स्त्री टेलिफोन ऑपरेटर पाठवा.

सात हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांतून निवडून, शिकवून शेवटी फ्रान्सला गेल्या त्या 223. सिग्नल कोअरचं, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलाचं, स्त्री टेलिफोन ऑपरेटर पथक असं त्यांचं कागदावरचं नाव. लोक मात्र 'हॅलो गर्ल्स' म्हणत.

या निवडीतली एक गोष्ट मला फार पटली. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांत काम करणाऱ्या मुली हजारोंनी होत्या, पण त्यांतल्या बहुतेकींना फ्रेंच येत नव्हतं. म्हणून सुरुवातीला फ्रेंच उत्तम येणाऱ्या मुली आधी घेतल्या आणि त्यांना बोर्ड शिकवला. कोणी फ्रान्समध्ये जन्मलेल्या, कोणाच्या घरात फ्रेंच बोललं जाई, कोणी कॉलेजात शिकलेल्या. हा निर्णय ज्याने घेतला त्याला काम कळलेलं होतं. बोर्ड काही आठवड्यांत शिकवता येतो. भाषा तशी शिकवता येत नाही, निदान घाईतली भाषा तरी नाही. चहा पिताना बोललेली हिंदी आणि गोंगाटाच्या लाईनवर, समोरचा खेकसत असताना, पहिल्या अर्ध्या वाक्यात ओळखायची हिंदी, या दोन्हींत फार अंतर आहे. आमच्याकडे बेळगावचा कॉल आला की समोरून मराठी येणार, कानडी येणार की इंग्रजी, हे "हलो" म्हणण्याच्या सुरावरून ठरवायचं. आपण चुकीच्या भाषेत सुरुवात केली की तीन-चार सेकंद वाया. दिवसाला शंभर कॉल धरा, मग हिशेब लक्षात येईल.

आणि फ्रेंच आकडे! नातीने मला ते शिकवले तेव्हा मी कपाळाला हात लावला. सत्तरला ते म्हणतात साठ-दहा. ऐंशीला चार-वीस. नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. माझी आजी बाजारात अशीच मोजायची, "चार विसा आणि वर एकोणीस." म्हणजे माझ्या आजीला तिथे बसवलं असतं तर आकड्यांपुरती ती सगळ्यांच्या पुढे गेली असती. पण इंग्रजी कानाला "चार-वीस" ऐकताच ऐंशी समजणं आणि पुढे "दहा-नऊ" येईपर्यंत हात थांबवून धरणं, ही सवय अंगात मुरावी लागते. एकोणऐंशीवर अडखळलेली मी, मला ते चांगलं कळतं.

त्या मुलींनी लष्कराची शपथ घेतली. गणवेश शिवला तो स्वतःच्या पैशांनी. निळ्या लोकरी कापडाचा कोट, लांब झगा, टोपी. दंडावर पट्टी असे आणि तिच्यावर टेलिफोनच्या, ज्यात बोलायचं त्या भोंग्याचं चित्र. सुपरवायझर झाली की त्या चित्राभोवती पानांची माळ, चीफ ऑपरेटर झाली की वर विजेच्या रेघा. ते चित्र मी बराच वेळ पाहत बसले. आमच्या छातीवर टांगलेला भोंगा अगदी तसाच होता. बोलताना मान खाली घालावी लागे आणि पाळी संपेपर्यंत मानेमागे आगआग व्हायची.

पहिली तुकडी मार्च 1918 मध्ये जहाजाने निघाली. तिची प्रमुख ग्रेस बँकर, वय पंचवीस, न्यू जर्सीची, टेलिफोन कंपनीत ऑपरेटरना शिकवणारी. समुद्रात जर्मन पाणबुड्या होत्या. त्या महिन्यातच या मुली फ्रान्समध्ये पोचल्या आणि पॅरिस, तूर आणि शोमाँ अशा ठिकाणी विभागून बसल्या. शोमाँला पर्शिंग यांचं मुख्यालय होतं. तिथे आल्या आणि फरक लगेच दिसला. शिपायाला एक कॉल जोडायला साठ सेकंद लागत होते, यांना दहा.

दहा सेकंद म्हणजे काय हे बोर्डावर न बसलेल्यांना सांगते. दिवा लागला की मागची कॉर्ड उचलायची, जॅकमध्ये घालायची, बोलायची कळ पुढे करायची, ऐकायचं. नाव कळलं की पुढची कॉर्ड उचलून हव्या त्या लाईनच्या जॅकला नुसतं टोक लावून पाहायचं. कानात टक् झालं तर लाईन गुंतलेली. नसेल तर आत घालायची, घंटीची कळ मागे ओढायची, समोरची आली की तिच्या भाषेत सांगायचं, दोघं बोलू लागले की आपण बाहेर. आमच्याकडे याशिवाय तिकिटावर, म्हणजे कॉलच्या नोंदीच्या चिठ्ठीवर, वेळ लिहायची. डोळे दिव्यांवर, डावा हात कॉर्डवर, उजव्या हातात पेन्सिल, आणि कान दुसरीकडेच. हे जमायला मला दोन महिने लागले. पहिल्यांदा एकटीने कॉल लावला तो धान्याच्या एका व्यापाऱ्याचा होता, सोलापूरला. तो लागला तेव्हा बाई फक्त "हं" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या "हं"ने मला पुढचे आठ दिवस पुरलं.

डिसेंबर आला. 3 तारखेला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर आलो तर खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागलेले. बाईंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आजपासून लष्कराचा कॉल आला की बाकी सगळं खाली. ज्याचा कॉल तोडाल तो शिव्या देईल. द्यायला आपली काही हरकत नाही." लष्कराच्या स्वतःच्या लाईनी असत, पण त्या भरल्या किंवा बंद पडल्या की ते आमच्याकडे येत. राजस्थानची आघाडी तेव्हा लष्कराच्या सदर्न कमांडकडे होती. आमच्या बोर्डावर कधी फारशी न आलेली नावं येऊ लागली. जोधपूर, बारमेर, जैसलमेर. लाईन तीन-चार एक्स्चेंजमधून फिरून जाई आणि प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा थोडा गळत जाई. इथला अधिकारी इंग्रजीत बोलणार, तिथला ऑपरेटर मारवाडी वळणाच्या हिंदीत. इथून शब्द तिथे पोचलाच नाही तर आम्ही मध्ये उभ्या राहून तो परत म्हणायच्या. "साहब कह रहे हैं..." आणि मग उलट इकडे, "सर, ही इज सेइंग..."

ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, यासाठी आमची सही घेतली होती. मी ते अजूनही लिहीत नाही. खरं तर बरंचसं लक्षातही राहिलं नाही. बोर्डावर बसलेल्या माणसाच्या कानातून शब्द वाहून जातात. अर्थ धरून ठेवला तर पुढचा कॉल चुकतो.

रात्रपाळी मुलांची असे. पण संध्याकाळची पाळी संपून ब्लॅकआउटमध्ये घरी जाणं अवघड, म्हणून लांबच्या मुली तिथेच झोपायच्या, आणि रात्री कॉल वाढले की उठून बोर्डावर यायच्या. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. बोर्डावर एकाच वेळी सगळे दिवे लागले की त्या उजेडाने जाग येत असावी, असं वाटायचं.

फ्रान्समधल्या सुयी या गावचं वर्णन वाचताना मला हेच दिवस आठवले. सप्टेंबर 1918 मध्ये अमेरिकन सैन्याने सां-मियेलची चढाई केली, तेव्हा ग्रेस बँकर आणि तिच्या निवडक सोबतिणी लिनी-आँ-बारुआ या गावी गेल्या, आघाडीच्या जवळ. तिथून पुढे सुयीला. 26 सप्टेंबरला मूझ-आर्गोनची मोठी लढाई सुरू झाली आणि तिचे हुकूम या मुलींच्या हातातून गेले. तोफा कधी सुरू करायच्या, पायदळ कधी पुढे सरकायचं, हे सगळं त्यांनी जोडलेल्या तारांवरून. ठिकाणांना सांकेतिक नावं होती. लिनीचं नाव धबधबा. एखाद्या गावाचं नाव आज एक, उद्या दुसरं. म्हणजे इंग्रजी, फ्रेंच आणि वर रोज बदलणारी ही तिसरी भाषा. ती तिसरी भाषा मला सगळ्यांत कठीण वाटते. इंग्रजी-फ्रेंच लहानपणापासून मुरलेली असते. काल पाठ केलेलं नाव आज विसरायचं, आणि चुकून तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही, हे झोपेने डोळे जड झालेले असताना कसं जमवलं असेल?

ऑक्टोबरच्या 30 तारखेला सुयीच्या लाकडी बराकींना आग लागली. या मुली बोर्ड सोडेनात. बाहेर पडा असा हुकूम झाला, आणि तोही शिस्तभंगाच्या कारवाईची धमकी देऊन, तेव्हा उठल्या. साधारण तासाभरात परत येऊन बसल्या. हे वाचून बाहेरच्या माणसाला धाडस वाटेल. मला त्यात दुसरंही दिसतं. कॉर्ड लावलेली असते, तिच्या दोन टोकांना दोन माणसं बोलत असतात, आणि ती आपण ओढून काढायची, याला हात धजावत नाही. कॉल पुरा व्हायच्या आधी उठणं हे ऑपरेटरच्या शरीराला माहीतच नसतं.

डिसेंबर 1971 मधला एक कॉल मात्र मी विसरले नाही, आणि तो गुप्तही नव्हता. युद्ध थांबलं त्यानंतरचे ते दिवस. सातारा भागातल्या एका गावच्या टपाल कचेरीतून कॉल आला, राजस्थानातल्या एका लष्करी इस्पितळाला. एका जवानाची आई बोलत होती. पीपी कॉल, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलवायचं. मुलगा फोनपर्यंत येऊ शकत नव्हता. वॉर्डातला माणूस हिंदी बोलत होता. त्या आईला हिंदीचा एक शब्द कळत नव्हता आणि लाईन इतकी क्षीण की कळणाऱ्यालाही ऐकू येऊ नये. मी मध्ये आले.

तो म्हणाला, "उनको बताइए, टाँग बच गई है। पैर की दो उँगलियाँ काटनी पड़ीं।"

मी म्हटलं, "मावशी, पाय वाचलाय. पायाची दोन बोटं काढावी लागली."

पलीकडे काही क्षण नुसती खरखर. मग त्यांनी विचारलं, "कंच्या पायाची, बाई?"

मी विचारलं. डाव्या. मी सांगितलं, "डाव्या."

"जेवतोय का इचारा."

मी विचारलं. "हाँ, रोटी खाता है, चावल माँगता है।" मी सांगितलं, "पोळी खातोय, पण भात मागतोय." तेव्हा त्या मोठ्याने रडल्या. इतका वेळ रडल्या नव्हत्या.

तीन मिनिटं झाली होती. नियमाप्रमाणे मला "थ्री मिनिट्स" म्हणायचं होतं. सुपरवायझर बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं नाही. तिकिटावर किती लिहायचं हे त्यांनीच नंतर सांगितलं.

बोटांचं गाळून नुसतं "पाय वाचला" म्हणावं, असं माझ्या मनात एक क्षण आलं होतं. आज मी त्या क्षणाबद्दल बोलते आहे, कारण फ्रान्समधल्या त्या मुलींचा दिवसभर हाच क्षण होता. फ्रेंच अधिकारी एक म्हणतो, अमेरिकन अधिकारी दुसरं ऐकतो, आणि मधली पोरगी जे शब्द निवडेल त्यावर दोघं पुढे वागतात. तिने काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही, शब्द बोचरा असला तरी गुळगुळीत करायचा नाही. माणसांना वाटतं ऑपरेटर म्हणजे तार जोडणारी.

11 नोव्हेंबर 1918 ला युद्ध संपलं. त्याच दिवशी पॅरिसमध्ये त्यांच्यातली एक, इनेझ क्रिटेंडन, साथीच्या तापाने गेली. तिला पॅरिसजवळ सुरेनच्या अमेरिकन लष्करी दफनभूमीत पुरलं आहे. त्यानंतरही पुष्कळ जणी थांबल्या, कारण सैन्य परत पाठवायला आणि तहाच्या परिषदेला टेलिफोन लागतच होते. मर्ल ईगन या थांबलेल्यांपैकी. ती मोंटाना राज्यातल्या हेलेनाची. तूरला तिने शिपायांना बोर्ड शिकवला होता. हे बायकी काम म्हणून ते कुरकुरले, तेव्हा तिने त्यांना सुनावलं की बंदूक कोणीही उचलेल, पण अख्ख्या डिव्हिजनचा जीव या बोर्डावर बसलेल्याच्या हाती असू शकतो. ग्रेस बँकरला 1919 मध्ये जर्मनीत कोब्लेन्त्सला विशिष्ट सेवा पदक मिळालं. सगळ्यांनी मिळून जोडलेल्या कॉलची संख्या सुमारे 2 कोटी 60 लाख सांगतात.

मग त्या घरी आल्या आणि सैन्यातून मुक्त केल्याचा कागद मागितला. उत्तर आलं की तुम्ही सैनिक नव्हताच, तुम्ही कंत्राटावरच्या नागरी नोकर होता. शपथ घेतली होती, हुकूम मानले होते, पट्ट्या लावल्या होत्या, आग लागली तेव्हा शिस्तभंगाची धमकीही लष्कराचीच होती. पण लष्कराच्या नियमात 'पुरुष' असा शब्द होता. त्याच युद्धात अमेरिकन नौदलाने बायकांना रीतसर भरती करून घेतलं होतं आणि त्यांना सगळे हक्क मिळाले. म्हणजे करता येत नव्हतं असं नाही.

मर्ल ईगन, लग्नानंतर अँडरसन, हिने हा कागद साठ वर्षं मागितला. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, विधेयकं येत राहिली आणि पडत राहिली. ती पत्रं लिहीत राहिली. 1970 च्या दशकात मार्क हफ हा सिएटलचा तरुण वकील तिच्या मदतीला आला. नोव्हेंबर 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि 1979 मध्ये मुक्ततेचे कागद हातात आले. तोवर 223 पैकी मोजक्याच जिवंत होत्या. ग्रेस बँकर 1960 मध्येच गेली होती. डिसेंबर 2024 मध्ये काँग्रेसचं सुवर्णपदक त्यांना द्यायचं ठरलं, तेव्हा ते घ्यायला त्यांच्यातलं कोणीच उरलेलं नव्हतं.

हे वाचून झालं त्या रात्री मला झोप आली नाही. माझी नोकरी 1973 मध्ये कायम झाली. निवृत्त होताना सर्व्हिस बुक हातात आलं तेव्हा पहिली नोंद त्या वर्षाची. शॉर्ट ड्यूटीचे दिवस त्यात नव्हते. म्हणजे डिसेंबर 1971 नाही. काळे कागद लावलेल्या खिडक्या नाहीत, जोधपूर-बारमेरचे कॉल नाहीत, ती सातारची आई नाही. मी एकदा अर्ज केला होता. उत्तर आलं की तासांवरच्या कामाची नोंद ठेवली जात नसे. मी तेवढ्यावर थांबले. घरात लेकीचं लग्न होतं आणि पेन्शनमध्ये पडणारा फरक काही मोठा नव्हता.

भारतात परतल्यावर मी माझ्या बरोबरच्या पाचजणींना फोन केले. दोघी गेल्या आहेत. एकीला आता ऐकू येत नाही, तिच्या सुनेने निरोप घेतला. उरलेल्या दोघींनी विचारलं, "आता काय मागायचं?" मी म्हटलं, पैसे नको. 3 डिसेंबर ते 17 डिसेंबर 1971 या तारखांना आम्ही बोर्डावर होतो, एवढी नोंद करा आणि तिची प्रत द्या.

एकीकडे त्या महिन्याची जुनी डायरी निघाली. किराण्याच्या हिशेबाची. तिच्यात 8 डिसेंबरच्या पानावर लिहिलंय, "रात्री तिथेच. घरी निरोप दिला." दुसरीकडे बाईंच्या हातची चिठ्ठी आहे, पाळी बदलल्याची, खाली तारीख आणि सही. या दोन्हींच्या झेरॉक्स जोडल्या. अर्ज मी हाताने लिहिला. मग नातीने सांगितलं म्हणून टाइप करून घेतला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ऐकू न येणाऱ्या मैत्रिणीची सही थरथरलेली आहे, पण वाचता येते.

मागच्या सोमवारी तो स्पीड पोस्टने टाकला. काउंटरवरच्या मुलीने पिनकोड विचारला. मी एकेक अंक सुटा करून सांगितला. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आजी, असं सांगितलं ना, की चुकत नाही."